नव्याने बांधलेलं रोटरी इंजिन: ऑइल सगळीकडे पोहोचतंय ना? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पिस्टनच्या इंजिनांवर हात बसलेला माणूस पहिल्यांदा रोटरी (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन) बांधतो, तेव्हा त्याच्या बऱ्याच चांगल्या सवयी इथे आडव्या येतात. खाली आहेत ते प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यातले काही मीही कधीकाळी विचारले होते. उदाहरणं मुख्यतः माझ्दाच्या १३बी (आरएक्स-७ मधलं) आणि रेनेसिस (आरएक्स-८ मधलं) इंजिनांची आहेत, कारण रस्त्यावर दिसणाऱ्या रोटरी गाड्या बहुतेक त्याच.

इंजिन बांधून हजार किलोमीटर झाले. डिपस्टिकवर ऑइल अजिबात उतरलेलं नाही. काम चांगलं झालं म्हणायचं ना?

नाही. गाडी बाजूला घ्या आणि पुढचं वाचा.

पिस्टनच्या गाडीने ऑइल खाल्लं की आपण कपाळाला हात लावतो. रोटरीने खाल्लं नाही तर लावायचा. रोटरच्या तीन टोकांवरचे एपेक्स सील हाउसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, आतल्या क्रोमच्या थरावर सतत घासत असतात, आणि त्यांना खालून ऑइल उडवणारं काही नसतं. रोटरच्या दोन्ही बाजूंच्या ऑइल रिंगा आतलं ऑइल आतच अडवतात, त्यांचं कामच ते. म्हणून एक छोटा मीटरिंग पंप मोजून मापून थेंब थेंब ऑइल ज्वलनकक्षात सोडतो. ते सीलला लागतं आणि जळून जातं. पातळी उतरली नाही याचा सरळ अर्थ, सील कोरडे फिरतायत. दुसरीही एक शक्यता आहे, आणि ती जास्त फसवी. ती पुढे, डिपस्टिकवर पातळी वाढल्याच्या प्रश्नात सांगितली आहे.

ठोकळमानाने दीड ते तीन हजार किलोमीटरला एक लिटर हा खप निरोगी समजतात. गाडी रेटून चालवली तर जास्त, हलक्या पायाने चालवली तर कमी.

ऑइल प्रेशरचा काटा छान वर आहे. तरी मीटरिंग पंपाचं ऑइल वेगळं तपासायचं?

हो, कारण काटा फक्त अर्धी गोष्ट सांगतो. मुख्य पंप बेअरिंगना ऑइल देतो आणि एक्सेन्ट्रिक शाफ्टमधल्या (रोटर ज्यावर बसतात त्या मुख्य दांड्यातल्या) जेटमधून रोटरच्या पोटात फवारून रोटर थंड ठेवतो. काट्याला दिसतं ते एवढंच. मीटरिंग पंप त्याच ऑइलमधून चिमूटभर उचलतो, पण तो पूर्ण बंद पडला तरी काटा तसूभरही हलत नाही. एपेक्स सील खलास होईपर्यंत डॅशबोर्डवर सगळं आलबेल दिसतं.

पहिला सेल्फ मारण्याआधी काय काय करायचं?

सगळ्यात आधी जुनं इंजिन कशाने गेलं ते आठवा. बेअरिंग झिजून गेलं असेल, तर त्याचा चुरा ऑइल कूलरमध्ये बसलेला असतो. कूलर आणि त्याचे पाइप नीट धुतल्याशिवाय, किंवा शंका असेल तर बदलल्याशिवाय, नव्या इंजिनला जोडू नका. नवी बेअरिंगं जुन्या चुऱ्यावर घासून दुसऱ्याच आठवड्यात पुन्हा इंजिन उतरवावं लागलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग सील ओले करायचे. प्लगच्या भोकातून सिरिंजने थोडंसं स्वच्छ ऑइल सोडा, दोन-तीन मिली पुरे. रोटर शाफ्टच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो, त्यामुळे पुली एक पूर्ण फेरा फिरवली की त्याच भोकासमोर रोटरचं पुढचं तोंड येतं. तीन फेऱ्यांत एका रोटरची तिन्ही तोंडं ओली होतात. मग दुसऱ्या रोटरला तसंच. पुली नेहमीच्या दिशेनेच फिरवा. हात सैल सोडून ओतू नका, पहिल्या स्टार्टला प्लग ओले होऊन बसतील.

आता प्रेशर उभं करायचं. प्लग बाहेर, पेट्रोल आणि इग्निशन दोन्ही बंद. दहा-दहा सेकंद सेल्फ मारा, मध्ये स्टार्टरला दम खाऊ द्या. प्लग नसल्याने इंजिन झरझर फिरतं आणि काटा हलतो. फिल्टर आधी भरून लावा हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण १३बीवर फिल्टर डोक्यावर उलटा बसतो, त्यामुळे भरलेलं ऑइल हातावर सांडतं. तो नाद सोडा आणि दोन वेळा जास्त सेल्फ मारा. काटा हलला की पातळी पुन्हा बघा. कूलर आणि फिल्टरने बरंच ऑइल गिळलेलं असतं.

राहिल्या मीटरिंगच्या बारीक नळ्या. पंप थेंब थेंब ढकलतो, त्यामुळे रिकामी नळी भरायला त्याला फार वेळ लागतो आणि तोवर सील उपाशी राहतात. म्हणून नळ्या जोडण्याआधी सिरिंजने पूर्ण भरून घ्या. शिवाय पहिल्या दोन-तीन टाक्या पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल घालूनच चालवा.

प्रेशर किती हवं? थंड असताना बरोबर असतं, गरम झाल्यावर पडतं.

आकडा इंजिनप्रमाणे बदलतो. आरएक्स-८ ला ३००० आरपीएमवर साधारण ५० पीएसआय, म्हणजे ३५० किलोपास्कलच्या आसपास. जुन्या आरएक्स-७ ला त्याहून जास्त, कारण तिथला मागचा रेग्युलेटरच (प्रेशर मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह) ७० पीएसआयच्या आसपास सोडतो. गरम इंजिनवर, आणि शक्य असेल तर हाताने जोडलेल्या मेकॅनिकल गेजवर मोजा. गाडीतल्या जुन्या सेन्सरच्या भरवशावर इंजिन उघडायला घेऊ नका.

नव्याने बांधलेल्या इंजिनचं प्रेशर गरम आयडलिंगला फारच खाली जात असेल, तर मी पहिला संशय पुढच्या कव्हरमागच्या ओरिंगवर (गोल रबरी सीलवर) घेतो. ऑइलचा मुख्य मार्ग पुढच्या लोखंडी हाउसिंगमधून कव्हरमध्ये जातो, आणि त्या सांध्यावर नाण्यापेक्षाही लहान एक ओरिंग बसते. ती राहिली, कापली गेली, किंवा कव्हरचं पॅकिंग जाड निघाल्याने नीट दाबलीच गेली नाही, तर प्रेशर तिथेच आतल्या आत सुटतं. बाहेर एक थेंब गळत नाही, त्यामुळे शोधणारा पंप, बेअरिंग, रेग्युलेटर सगळं पालथं घालतो.

दुसरा संशय शाफ्टच्या पुढच्या टोकातल्या थर्मल व्हॉल्व्हवर. थंड असताना तो ऑइलला आडवाट देतो, गरम झाल्यावर वाट बंद करून सगळं ऑइल जेटकडे वळवतो. अर्धवट उघडा अडकला तर प्रेशर जातंच, शिवाय रोटरही नीट थंड होत नाहीत. अनेक बांधणारे त्याच्या जागी घन तुकडा बसवून प्रश्न मिटवतात. मीही बसवतो.

मीटरिंग पंप खरंच ऑइल देतोय का, हे घरच्या घरी कसं बघायचं?

जुन्या मेकॅनिकल पंपावर ही तपासणी फार समाधान देते, कारण उत्तर डोळ्यांसमोर थेंबाने पडतं.

इंजिन पूर्ण गरम करून घ्या. थंड ऑइल जाड असतं आणि माप फसवं येतं. इंजिन बंद करून नोझलकडे (ऑइल कक्षात सोडणाऱ्या तोटीकडे) जाणाऱ्या नळ्या नोझलच्या बाजूने सोडा आणि प्रत्येकीचं टोक वेगळ्या अरुंद मापपात्रात घाला. सुई काढलेली छोटी सिरिंज, तोंडाला बूच मारून, मस्त चालते. तिच्यावर अर्ध्या मिलीच्या रेघा असतात आणि इथे हिशोब तेवढ्यावरच चालतो. नोझलची उघडी तोंडं झाका. मापाचं ऑइल आता इंजिनमध्ये जाणार नाही, म्हणून टाकीत आधीच टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेलं असलंच पाहिजे. ही पायरी विसरून पाच मिनिटं इंजिन चालवणं म्हणजे आजार तपासताना आजार लावणं.

मग इंजिन चालू करून सुमारे २००० आरपीएमवर धरा आणि घड्याळ लावा. तुमच्या इंजिनच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये किती मिनिटांत किती मिली हवं ते दिलेलं असतं. आकडा पंपाच्या प्रकारानुसार बदलतो, दुसऱ्या मॉडेलचा उसना घेऊ नका. साधारण पाच-सहा मिनिटांत मोजके मिली पडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते हास्यास्पद कमी वाटतं. तेवढंच असतं.

एकूण मापापेक्षा मी नळ्यांमधला फरक जास्त बारकाईने बघतो. माझ्याच पहिल्या इंजिनवर पुढच्या रोटरच्या नळीतून ठराविक तालात थेंब पडत होता. मागच्या नळीच्या टोकाशी थेंब फुगायचा, पडतोय पडतोय वाटायचं आणि पुन्हा आत ओढला जायचा. मागचा बँजो बोल्ट (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) मी जुन्याच चपट्या झालेल्या वॉशरवर आवळला होता. नवे वॉशर घातले आणि दोन्ही सिरिंजा बरोबरीने भरू लागल्या. चार वॉशर वाचवण्याच्या नादात एक रोटर जाता जाता राहिला.

मेकॅनिकल पंपाचं माप इंजिनच्या वेगावर आणि थ्रॉटलवर, अशा दोन्हींवर चालतं. इंजिन बंद असताना कोणाला तरी ॲक्सिलरेटर दाबायला सांगा आणि पंपावरचा लिव्हर बघा. तो सोबत उठला पाहिजे, सोडल्यावर पूर्ण परतला पाहिजे. इंजिन बांधताना ती काडी जोडायची राहून जाते, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा.

एकाही नळीतून काहीच येत नाही.

पंप सोडून बघा. खालचं पॅकिंग उलटं बसून ऑइलचं भोक झाकलं गेलंय का, आणि पंपाची फिरणारी दांडी गिअरमध्ये बसली आहे का. दोन्ही ठीक असतील तर पंपच गेला.

नोझल कसं तपासायचं?

नोझल दिसतं साधं, पण त्यात दोन वाटा असतात, एक ऑइलची आणि एक हवेची. कक्षात व्हॅक्यूम तयार होतो तेव्हा हवेच्या वाटेने थोडी स्वच्छ हवा आत येते. ती नसती तर व्हॅक्यूमने नळीतलं सगळं ऑइल एका दमात ओढून घेतलं असतं. आतला चेक व्हॉल्व्ह कक्षातला दाब उलटा येऊ देत नाही.

तपासणी तोंडाने होते. नोझल पेट्रोलने धुऊन पूर्ण वाळवा, हवेच्या तोटीला स्वच्छ रबरी नळी लावा. फुंकलं की टोकातून हवा निघाली पाहिजे. उलटी ओढली तर काही येता कामा नये. दोन्हीकडून हवा जात असेल तर व्हॉल्व्ह गेला. टर्बो इंजिनवर असं नोझल बूस्टखाली (टर्बोच्या दाबाखाली) हवा उलटी ढकलतं आणि त्या रोटरला ऑइल मिळेनासं होतं. कार्बनने तुंबलेलं नोझल कार्ब क्लीनरमध्ये भिजवून सुटतं. तारेने खुडखुड करू नका. आणि हवेची रबरी नळी पुन्हा लावायला विसरू नका.

नळीत बुडबुडे दिसतायत.

बांधल्यानंतर पहिले काही किलोमीटर एखादा बुडबुडा पुढे सरकताना दिसला तर काळजी नको. तो जागच्या जागी पुढे-मागे होत असेल किंवा नोझलकडून पंपाकडे येत असेल, तर वॉशर, तडा किंवा चेक व्हॉल्व्ह यापैकी काहीतरी आहे. या नळ्या प्लास्टिकच्या असतात आणि इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजून बिस्किटासारख्या होतात. बोटाने हलकं वाकवल्यावर कडक लागली तर तपासत बसू नका, बदला.

माझा पंप इलेक्ट्रॉनिक आहे. तिथे काय?

१९८९ पासूनच्या आरएक्स-७ मध्ये आणि आरएक्स-८ मध्ये थ्रॉटलची काडी नसते, ईसीयू (इंजिनचा संगणक) ठरवतो किती ऑइल द्यायचं. थेंब मोजायची पद्धत तीच, पण आधी फॉल्ट कोड वाचा. पंपाची जागा ईसीयूच्या अपेक्षेशी जुळली नाही तर तो इंजिनची ताकद दाबून ठेवतो. नव्या इंजिनमध्ये दम नाही म्हणून माणूस टर्बोच्या मागे लागतो आणि निघतो पंपाचा सैल कनेक्टर.

आरएक्स-८ वाल्यांसाठी एक गोष्ट. सुरुवातीच्या गाड्यांत प्रत्येक हाउसिंगला दोन नोझलं होती, सीलच्या कडांच्या बाजूला. २००९ पासूनच्या मॉडेलला मधोमध तिसरं मिळालं. यावरून सीलचा मधला भाग कसा उपाशी राहत असेल याचा अंदाज येतो, आणि जुन्या मॉडेलवर मी पेट्रोलमध्ये थोडं ऑइल का सुचवतो तेही कळतं.

मग मीटरिंग पंप काढून नुसतं पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं तर?

शर्यतीच्या गाड्यांवर सर्रास करतात. रोजच्या गाडीवर मी करणार नाही. कारण तांत्रिक नाही, मानवी आहे. कधीतरी घाईत, रात्री, बाटली घरी राहिलेली असताना तुम्ही टाकी भरणारच. पंप विसरत नाही.

पंप ठेवून वर थोडं मिसळणं मात्र मला पटतं. पंप नसेल तर दहा लिटर पेट्रोलला साधारण ८० मिली टू-स्ट्रोक ऑइल, पंप चालू असेल तर त्याच्या निम्मं. बांधल्यानंतरच्या पहिल्या टाक्यांना दहा लिटरला १०० मिलीपर्यंत चालेल. ऑइल कमी धुराचं, जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचं घ्या. आधी ऑइल ओतायचं, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप घुसळलं जातं.

इंजिनमध्ये सिंथेटिक घालू की मिनरल?

या प्रश्नावर लोकांची भांडणं झाली आहेत. मुद्दा असा की हे ऑइल जळण्यासाठीही असतं, आणि जळून राख कमी ठेवणारं हवं. पहिले काही हजार किलोमीटर मी साधं मिनरल वापरतो, कारण ते लवकर लवकर बदलायचंच असतं. पुढे मॅन्युअलमधली जाडी पाळा. बाटलीवर काय लिहिलंय त्यापेक्षा ते किती वेळा बदलता याला जास्त महत्त्व आहे.

बांधल्यापासून गाडी धूर मारते.

किती वेळ झाला? बांधताना सील जागेवर राहावेत म्हणून व्हॅसलीन लावतात, शिवाय तुम्ही प्लगच्या भोकातून ऑइल सोडलंय. पहिला अर्धा तास धुराने गल्ली भरली तरी चालेल.

नंतरही निळा धूर येत राहिला, विशेषतः रात्रभर उभी राहून सकाळी चालू केल्यावर, तर ऑइल रिंगांकडे बघायला हवं. त्यांच्या आतल्या ओरिंगा पिळल्या गेल्या असतील किंवा स्प्रिंगा अदलाबदल झाल्या असतील. आतल्या-बाहेरच्या, पुढच्या-मागच्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, रंगाच्या खुणेने ओळखायच्या. दुर्दैवाने याला इंजिन उघडण्यावाचून उपाय नाही. त्याआधी टर्बो असेल तर त्याची सील तपासा, कदाचित वाचाल. पांढरा, गोडसर वासाचा धूर आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे पाण्याची सील, तो वेगळाच विषय.

डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते. असं कसं?

पहिल्या प्रश्नात राहिलेली शक्यता ती हीच. डिपस्टिक नाकाशी न्या. पेट्रोलचा वास येत असेल तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय, बहुधा मिश्रणात पेट्रोल फार जास्त आहे किंवा स्टार्टच्या वेळी इंजिन पुन्हा पुन्हा फ्लड होतंय. यात खरी गंमत अशी की मीटरिंगने खाल्लेलं ऑइल आणि आत आलेलं पेट्रोल एकमेकांना फिटवतात, आणि पातळी जागच्या जागी दिसते. खप मोजायचा तर आधी हे बंद व्हायला हवं. तसं ऑइल ताबडतोब बदला, बेअरिंगना ते पाण्यासारखं.

झाकणाखाली पिवळसर लोणी जमलं असेल तर घाबरू नका. फक्त जवळच्या फेऱ्या होतात आणि वाफ आत साठते. लांब चालवून बघा, गेलं तर ठीक.

इंजिन न उघडता सील दिसतात का?

प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला. हाउसिंगच्या क्रोमवर ओलसर, एकसारखी चमक हवी. कोरडा मॅट पट्टा किंवा खोल उभ्या रेघा दिसल्या तर तो रोटर उपाशी आहे. हाउसिंगवरच्या आडव्या लहरींचा इतिहास जुना आहे. साठच्या दशकात माझ्दात केनिची यामामोतो यांच्या हाताखालचे इंजिनिअर याच लहरींशी झुंजत होते आणि त्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. सील थरथरल्याने ते पडत. सीलचं साहित्य बदलून त्यांनी ते आटोक्यात आणलं, आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आली.

कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणजे वंगण बरोबर?

नाही. ऑइलने ओले सील उलट खोटं चांगलं कॉम्प्रेशन दाखवतात. आरएक्स-८ ला २५० आरपीएमवर ६८० किलोपास्कल ही खालची मर्यादा. पण आज मोजलेला आकडा हजार किलोमीटरनंतरच्या आकड्याशी ताडून बघा, तेव्हाच तो काही सांगतो.

पहिलं ऑइल कधी बदलायचं?

मी पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरला बदलतो, पुन्हा हजारला. काढलेला फिल्टर फेकू नका. पत्रा कापून आतला कागद उलगडा, पिळा आणि उन्हात धरा. बारीक काळी पूड आणि थोडा सीलंट चालतो. तांबूस किंवा चंदेरी चकचकीत कण दिसले तर ते बेअरिंगचे, मग गाडी चालू करू नका. कणांवरून चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटले तर लोखंड, आणि मग आधी मुख्य ऑइल पंपाच्या साखळीकडे बघा.